सल्ला : हार्डटेलला हलका फोर्क बसवण्याआधी

प्रश्न :

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात राहते. वय ४१, वजन ५४ किलो. चार वर्षांपूर्वी घेतलेली, ॲल्युमिनियम फ्रेमची आणि २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढच्या चाकाला धक्के शोषणारा फोर्क असलेली) सायकल माझ्याकडे आहे. रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जाते आणि पुढे बामणोलीच्या अंगाला उतरणाऱ्या कच्च्या, जांभ्या दगडाच्या वाटांवर फिरते. सायकलीचे वजन साडेचौदा किलो आहे. पुढचे चाक धरणारा फोर्क स्प्रिंगचा, १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा आहे. तो दगडांवर फारसा दबतच नाही आणि उतार संपेपर्यंत मनगटे भरून येतात. पुण्याची एक मैत्रीण तिचा वापरलेला रॉकशॉक्स सिड फोर्क तीस हजारांत द्यायला तयार आहे. त्याचे वजन दीड किलोच्याही आत असल्याचे ती सांगते. आमच्या ग्रुपमधील काहींचा आग्रह कार्बनच्या साध्या, न दबणाऱ्या फोर्कचा आहे. माझ्या सायकलीची हेडट्यूब (फ्रेमच्या पुढची, फोर्क जिच्यात बसतो ती नळी) वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची आहे आणि पुढचे चाक क्विक रिलीजचे, म्हणजे कळ फिरवून काढता येणारे आहे. चढावर सायकल हलकी वाटावी आणि उतारावर हात वाचावेत, एवढीच अपेक्षा. खर्चाची मर्यादा चाळीस हजार. काय घ्यावे?

उत्तर :

मैत्रिणीचा फोर्क उत्तम प्रतीचा आहे, पण तो आपल्या सायकलीला आहे त्या स्थितीत बसणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण हेडट्यूबची जाडी आणि चाकाचा प्रकार न विचारताच कळवलात, म्हणून हे इतक्या ठामपणे म्हणता येते. एरवी येणाऱ्या पत्रांत हव्या असलेल्या फोर्कचे नाव, वजन आणि किंमत सगळे असते, सायकलीची मापे तेवढी नसतात.

पहिली अडचण स्टीअररची, म्हणजे हेडट्यूबमधून वर जाऊन हँडलच्या स्टेमला मिळणाऱ्या नळीची आहे. एवढ्या हलक्या सिडचा स्टीअरर टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणारा असतो. वरच्या टोकाला त्याचा व्यास २८.६ मिलिमीटर आणि खाली क्राउनपाशी, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय जोडणाऱ्या भागापाशी, दीड इंच असतो. आपल्या सायकलीचा स्टीअरर मात्र वरपासून खालपर्यंत २८.६ मिलिमीटरचाच असणार. तरीही आपल्या हेडट्यूबचा आतला व्यास ४४ मिलिमीटर असेल, तर मार्ग निघतो. खालचा, आत दडलेला बेअरिंगचा कप काढून त्याच्या जागी बाहेर राहणारा कप बसवला की दीड इंची स्टीअरर त्यात मावतो. बेअरिंग अशा वेळी हेडट्यूबच्या खाली येत असल्यामुळे सायकलीचे तोंड साधारण १० ते १२ मिलिमीटर उचलले जाते, एवढी किंमत मोजावी लागते. आतला व्यास ३४ मिलिमीटर असेल, तर मात्र टेपर्ड फोर्कचा विषय तिथेच संपतो. हे घरबसल्या ओळखता येते : हेडट्यूबच्या वर आणि खाली दोन्ही बाजूंना कपांच्या जाड कडा बाहेर दिसत असतील आणि नळी स्वतः चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाडीची असेल, तर ती ३४ ची समजावी, कप जवळजवळ पूर्ण आत गेलेले असतील आणि नळीची बाहेरची जाडी पन्नासच्या आसपास असेल, तर ती ४४ ची. हेडट्यूब आतून घासून जागा करून देतो म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

दुसरी अडचण चाकाची. क्विक रिलीजचे पुढचे हब, म्हणजे चाकाचा ॲक्सलभोवतीचा मधला भाग, १०० मिलिमीटर रुंद असते आणि त्याच्या ॲक्सलची टोके नऊ मिलिमीटरची असतात. फोर्कच्या तळाच्या उघड्या खाचांत ती अडकतात. सिडला पंधरा मिलिमीटरचा आरपार जाणारा थ्रू ॲक्सल लागतो. फोर्क जरा जुना असेल तर त्याची रुंदी १०० मिलिमीटर असेल आणि २०१५ नंतर रूढ झालेल्या बूस्ट मापाचा असेल तर ११० मिलिमीटर. काही चांगल्या हबची टोके बदलून ते थ्रू ॲक्सलला चालते करता येतात, परंतु आपल्या किमतीच्या सायकलीवर बहुधा सुट्या गोळ्यांचे, कप आणि कोनचे हब असते आणि त्यात ही सोय नसते. म्हणजे नवे हब घेऊन चाक पुन्हा विणून घेणे किंवा सरळ नवे पुढचे चाक घेणे आले. तीस हजारांचा फोर्क, चाक, हेडसेटचा (हेडट्यूबमधील बेअरिंगच्या जोडीचा) कप, मजुरी आणि वापरलेल्या फोर्कची पहिली सर्व्हिस अशी बेरीज केली, तर आपली मर्यादा ओलांडली जाण्याचीच शक्यता अधिक आहे आणि त्यातील बराच पैसा फोर्कवर खर्च न होता तो बसवण्याच्या खटाटोपात जाईल.

शिवाय त्या फोर्कचा ट्रॅव्हल किती, हे पत्रात नाही. २९ इंची चाकासाठीच्या १०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कची ॲक्सलच्या मध्यापासून क्राउनच्या वरच्या कडेपर्यंतची उंची साधारण ५०० ते ५१० मिलिमीटर असते. मैत्रिणीचा फोर्क १२० चा निघाला, तर ही उंची वीस मिलिमीटरने वाढेल आणि बाहेरच्या कपामुळे आणखी दहा-बारा मिलिमीटरची भर पडेल. पुढचे टोक वीस मिलिमीटर वर गेले की हेडट्यूबचा कोन साधारण एक अंशाने मागे कलतो. म्हणजे आपल्याकडे तो सुमारे दीड अंश कलेल, सीट मागे झुकेल आणि यवतेश्वरच्या तीव्र वळणांवर पुढचे चाक जमीन सोडू पाहील. हलका फोर्क बसवून चढ अधिक त्रासाचा करून घेण्यासारखे ते होईल. लांब फोर्कमुळे हेडट्यूबच्या जोडांवर ताणही जास्त येतो. त्यामुळे फ्रेम ज्या ट्रॅव्हलसाठी बनली आहे, त्याच ट्रॅव्हलचा फोर्क घ्यावा. आपल्या बाबतीत १०० मिलिमीटर.

आता मूळ दुखण्याकडे वळू. आपण वजनाची चौकशी केली आहे, पण मनगटे दुखण्याचे कारण फोर्कचे वजन नाही, त्यातील स्प्रिंगचा कडकपणा आहे. सुरुवातीच्या किमतीच्या सायकलींत कारखान्यातून एकच मधली स्प्रिंग बसून येते आणि ती आपल्यापेक्षा पंधरा-वीस किलोने जड असलेल्या माणसाला जमेल अशी असते. याची खात्री आपणच करून घ्या. फोर्कच्या वरच्या चकचकीत पायाला, म्हणजे स्टँशनला, प्लॅस्टिकची एक केबल टाय हलकेच आवळून बांधा आणि ती खाली सीलपर्यंत, म्हणजे स्टँशन खालच्या जाड पायात शिरतो तिथल्या रबरी कडेपर्यंत, सरकवून ठेवा. मग नेहमीची दगडी वाट नेहमीच्याच वेगाने उतरून या. फोर्क जितका दबला असेल, तितकी ती पट्टी वर सरकलेली असेल. सील आणि पट्टी यांमधील अंतर मोजा. अशा वाटेवर १०० पैकी ८० ते ९० मिलिमीटर वापरले जायला हवेत. आपले ४० किंवा ५० निघाले तर नवल वाटायला नको. उरलेला अर्धा फोर्क आपण चार वर्षे घाटावर नुसता वाहून नेत आहात. प्रयोग झाल्यावर पट्टी कापून टाकायला विसरू नका.

याच संदर्भात फोर्कच्या डाव्या माथ्यावरील प्रीलोडच्या बटणाविषयी सांगायला हवे, कारण दुकानातूनही ते पुष्कळदा चुकीचे सांगितले जाते. ते बटण सैल केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही. स्प्रिंग सुरुवातीला किती दाबून ठेवायची, एवढेच त्याने ठरते. आपण सायकलीवर बसल्यावर पुढचा भाग थोडा कमी किंवा जास्त खाली जातो, इतकाच फरक पडतो. आधी जितका धक्का दहा मिलिमीटर दाबायला लागत होता, तितकाच नंतरही लागतो. खरा मऊपणा हवा असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागते. एसआर सनटूरच्या काही स्प्रिंगच्या फोर्कसाठी मऊ स्प्रिंग वेगळी मिळते. आपला फोर्क त्यांपैकी असेल आणि स्प्रिंग मिळाली, तर अगदी थोड्या खर्चात मनगटांचा अर्धा प्रश्न सुटेल. चार वर्षांत फोर्क एकदाही उघडला नसेल तर आतले ग्रीस वाळून पोलादी पाय घासत असण्याचा संभवही मोठा आहे आणि हलक्या वजनाच्या माणसाला ही घासण अधिक जाणवते, कारण ती मोडून फोर्क हलवण्याइतका भार त्याच्याकडून पडतच नाही.

एअर फोर्कचा खरा लाभ इथे आहे. त्यात स्प्रिंगचे काम हवा करते आणि ती हवा आपल्या वजनाप्रमाणे भरता येते. तोच फोर्क ५४ किलोच्या व्यक्तीला आणि ९० किलोच्या व्यक्तीला सारखाच नीट चालतो. फरक फक्त पंपाच्या काट्यावर दिसतो. पोलादी स्प्रिंग गेल्यामुळे वजनही उतरते, पण ते मी वरकमाई समजतो.

वजनाचा हिशोबही मांडून पाहू, कारण घाट चढताना तो मनात येतोच. आपण ५४ किलो, सायकल साडेचौदा, पाणी, पंक्चरचे सामान आणि बूट-हेल्मेट धरून आणखी तीन. म्हणजे एकूण सुमारे ७२ किलो. आपल्या आताच्या फोर्कचे वजन अडीच किलोच्या पुढेमागे असेल. दोन किलोचा एअर फोर्क घेतला, तर अर्धा ते पाऊण किलो वाचेल, म्हणजे एकूण भारातील जवळपास एक टक्का. तीव्र चढावर बहुतेक सगळी ताकद भार वर नेण्यातच जात असल्यामुळे वेळही साधारण तितकाच कमी होतो : तासाभराच्या चढाला अर्धे मिनिट. सिड बसवला असता तर हेच जेमतेम एक मिनिट झाले असते. शर्यतीत भाग घेणाऱ्यासाठी हे मिनिट मोलाचे असते आणि त्याने त्यासाठी पैसे मोजणे योग्यच आहे. रविवारच्या फेरीत मात्र ते कास तलावापाशी चहाला थांबल्यावर कुठे जाते, ते कळतही नाही.

वजन उतरवण्याला मर्यादा असते, हे या सिडच्याच इतिहासावरून दिसते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो आला, तेव्हा त्याचे स्टँशन अवघे २८ मिलिमीटर जाडीचे होते. तो त्या काळी कमालीचा हलका होता आणि वळणावर ब्रेक दाबला की वाकतो, अशी त्याची ख्यातीही होती. पुढे २००९ च्या नमुन्यात ते ३२ मिलिमीटरचे झाले आणि २०२० मध्ये कंपनीने मुख्य सिड ३५ मिलिमीटर जाडीच्या पायांवर नेला, तर ३२ चा अधिक हलका फोर्क सिड एसएल या नावाने निव्वळ शर्यतीसाठी वेगळा ठेवला. म्हणजे हलकेपणासाठीच नावाजलेल्या मालिकेलाही पाय जाड करावे लागले. आपल्या वजनाला मात्र हा प्रश्न फारसा जाचणार नाही. ५४ किलोच्या चालकाखाली ३० मिलिमीटरचे पायसुद्धा पुरेसे ताठ राहतात. हाच प्रश्न ८५ किलोच्या वाचकाने विचारला असता, तर मी ३२ च्या खाली जाऊ नका असे सांगितले असते.

मग घ्यावे काय? माझा कौल सरळ स्टीअरर, नऊ मिलिमीटर क्विक रिलीज, २९ इंची चाक आणि १०० मिलिमीटर ट्रॅव्हल या चारही अटी पाळणाऱ्या नव्या, मध्यम किमतीच्या एअर फोर्कला आहे. रॉकशॉक्सच्या जुडी मालिकेत असे नमुने असतात. त्यांतील जुडी सिल्व्हरचे ३० मिलिमीटरचे स्टँशन पोलादी असतात आणि वजन सव्वादोन किलोच्या पुढेमागे भरते. जुडी गोल्डचे स्टँशन ॲल्युमिनियमचे असल्याने तो दोन किलोच्या आसपास येतो आणि त्याचे डॅम्पिंगही, म्हणजे फोर्कची वर-खाली हालचाल आवरणारी यंत्रणा, वरच्या दर्जाचे आहे. गोल्ड मिळत असेल तर तोच घ्यावा. एसआर सनटूरमध्ये रेडॉन हा त्याच्या तोडीचा आणि एक्ससीआर एअर त्याहून थोडा जड पर्याय आहे. गावातील दुकानदार सनटूरचे सुटे भाग सहज मिळवून देत असेल, तर तेवढ्या एका कारणासाठी रेडॉनला पसंती देण्यात काहीच गैर नाही. एकाच नावाखाली अनेक मापांचे फोर्क विकले जातात, म्हणून विक्रेत्याकडून स्टीअरर, ॲक्सल, चाक आणि ट्रॅव्हल ही चारही मापे लेखी मागवूनच पैसे द्यावेत. स्टीअरर पोलादी आहे की ॲल्युमिनियमचा, हेही विचारावे. एवढ्याने दोनशे ग्रॅमच्या आसपास फरक पडतो आणि जाहिरातीतील वजन बहुधा हलक्या नमुन्याचे दिलेले असते. ऑफसेटच्या, म्हणजे ॲक्सल स्टीअररच्या रेषेपासून किती पुढे आहे त्याच्या, ४२, ४६, ५१ अशा आकड्यांची चर्चा आपल्या कानावर येईल. जुन्या फोर्कच्या जवळपासचा आकडा घ्यावा आणि तो विषय सोडून द्यावा.

रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारे बटण, ज्या एअर फोर्कला नाही तो फोर्क घेऊ नये. ऑनलाइन बाजारात निम्म्या किमतीत, मॅग्नेशियमचे पाय आणि पावणेदोन किलो वजन सांगणारे फोर्क दिसतात. त्यांतील पुष्कळांना नुसता लॉकआउट (फोर्क दबणे बंद करणारी कळ) असतो, रिबाउंड नसतो आणि सील फाटले तर दुसरे मिळत नाहीत. हवेचा फोर्क रिबाउंडवाचून दगडी उतारावर चेंडूसारखा उसळतो. मनगटांसाठी ते स्प्रिंगपेक्षाही वाईट.

कार्बनच्या न दबणाऱ्या फोर्कची शिफारस करणाऱ्यांचा हिशोब चुकलेला नाही. असा फोर्क पाऊण किलोच्या आसपास असतो, आपली सायकल जवळजवळ पावणेदोन किलोने हलकी होईल आणि पावसाळ्यात त्याला कसलीच देखभाल लागत नाही. आपण फक्त डांबरी घाट चढून उतरत असता, तर मीही तोच सुचवला असता. जांभ्याच्या उघड्या, खडबडीत दगडावरून उतरताना मनगटे दुखतात असे लिहिणाऱ्या व्यक्तीला तो सुचवणे मात्र मला पटत नाही.

चाळीस हजारांतून जे उरेल, त्यातून आधी शॉक पंप घ्यावा, कारण चाकाच्या पंपाने फोर्कमध्ये हवा भरता येत नाही. त्याचा एक झटका फोर्कच्या लहानशा कप्प्यात फार हवा ढकलतो. त्यानंतर टायरांकडे पाहावे. आपल्या सायकलीवरील मूळ टायर तारेच्या कडेचे असतील, तर त्याच रुंदीचे घडी होणारे टायर प्रत्येकी शंभर ग्रॅम किंवा अधिक हलके मिळतात. रिम चालत असेल आणि ट्यूबलेस करून घेतले, तर ट्यूबही जाते आणि सव्वादोन इंची टायरमध्ये आपल्या वजनाला २२ ते २६ पीएसआय इतकी कमी हवा ठेवता येते. ग्रुपमधील बाकीचे चाळीस भरतात म्हणून आपणही चाळीस भरत असाल, तर ते आजच थांबवा. दगडावरची बारीक थरथर फोर्कच्या आधी टायर पितो आणि आपल्या तक्रारीतील काही भाग नक्कीच या हवेत असणार.

फोर्क बसवताना स्टीअरर कापावा लागेल. नवा स्टीअरर २६ सेंटिमीटरच्या आसपास लांब येतो आणि एकदा आखूड झाला की त्यावर इलाज नसतो. म्हणून पहिल्या वेळी स्टेमच्या खाली दोन आणि वर एक रिंग राहील इतका लांब ठेवायला सांगा. हँडल खाली घ्यावेसे वाटले तर सहा महिन्यांनी आणखी कापता येईल. हेडसेट चांगला असेल तर तोच राहू द्या. जुन्या फोर्कवरील क्राउन रेस, म्हणजे खालचे बेअरिंग जिच्यावर टेकते ती कडी, काढून नव्यावर बसवावी लागते, ती राहून गेली की बेअरिंग नीट टेकत नाही आणि ब्रेक दाबताना पुढून टकटक ऐकू येते.

हवा भरण्यासाठी फोर्कच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यातील आपल्या वजनाच्या आकड्यापासून सुरुवात करा. हवा भरून झाली की फोर्क चार-सहा वेळा सावकाश दाबून सोडा, म्हणजे आतील दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. मग काटा पुन्हा पाहा. पंपाची नळी काढताना फुस्स असा आवाज येतो, ती बहुतांशी नळीतील हवा असते, फोर्कमधील नव्हे. त्यानंतर पाण्याच्या बाटलीसह, पूर्ण तयारीत सायकलीवर भिंतीच्या आधाराने उभे राहा आणि कोणाला तरी स्टँशनवरील रबरी कडे सीलपर्यंत सरकवायला सांगा. हलकेच उतरल्यावर ते १५ ते २० मिलिमीटर वर दिसायला हवे. कमी असेल तर पाच पीएसआय हवा काढा, जास्त असेल तर भरा. तक्त्यातील आकडा आणि प्रत्यक्षातला सॅग, म्हणजे आपल्या भाराने फोर्क दबतो ते अंतर, यांत तफावत आली, तर सॅगवर विश्वास ठेवा.

रिबाउंडचे बटण उजव्या पायाच्या तळाशी असते. रॉकशॉक्सच्या फोर्कवर तिथे ससा आणि कासव कोरलेले दिसतील. हलक्या चालकाच्या फोर्कमध्ये हवा कमी असते, त्यामुळे त्याला परत वर ढकलणारा जोरही कमी असतो आणि म्हणून रिबाउंड सशाच्या बाजूला बरेच उघडे ठेवावे लागते. दुकानात बहुधा ते मधोमध ठेवून देतात. तसे राहिले, तर लागोपाठच्या दगडांवर फोर्क पूर्ण वर येण्याआधीच पुढचा धक्का बसतो, फोर्क हळूहळू खाली बसत जातो आणि शेवटी तो कडक असल्यासारखा वाटतो. मग नवा फोर्कही जुन्यासारखाच निघाला, असा समज होतो. ओळीने तीन-चार दगड असलेला एकच तुकडा निवडून, दर वेळी दोन-दोन क्लिक बदलत तो पुन्हा पुन्हा उतरून पाहा.

आपल्याकडील पावसात एअर फोर्कची निगा अधिक राखावी लागते. पायांच्या आतील थोडे तेल आणि सीलखालील स्पंजची कडी साधारण ५० तासांच्या वापरानंतर स्वच्छ करून बदलायची असतात. आपण पावसाळ्यातही जात असाल, तर जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, असा नेम ठेवला तरी भागेल. हे काम करणारा मिस्त्री साताऱ्यात आहे की फोर्क काढून पुण्याला पाठवावा लागेल, याची चौकशी फोर्क घेण्याआधीच करावी. चिखल झाल्यावर गाड्या धुण्याच्या सेंटरवर नेऊन जोराच्या फवाऱ्याने सायकल धुऊन घेण्याची पद्धत आहे. ते पाणी सीलच्या ओठांतून आत जाते आणि तेलाचे दुधासारखे पांढरे पाणी करून टाकते. बादली, मऊ फडके आणि स्टँशन पुसून कोरडे करणे एवढे पुरे.

मैत्रिणीला नकार कळवताना एक विचारून ठेवा : फोर्क बूस्ट मापाचा आहे का आणि स्टीअरर किती कापलेला आहे. दोन-तीन वर्षांत आपण टेपर्ड हेडट्यूबची नवी फ्रेम घेणार असाल, तर असा फोर्क तेव्हा उपयोगी पडेल, मात्र स्टीअरर त्या फ्रेमला पुरला पाहिजे आणि स्टँशनवर नखाला लागेल असा ओरखडा नसला पाहिजे. त्या वेळी आजचा जुना स्प्रिंगचा फोर्कही कामी येईल. तो भंगारात देऊ नका, साफ करून ठेवा. सायकल विकायची झाली की मूळ फोर्क त्यावर परत चढवून ती विकता येते आणि एअर फोर्कला वेगळे गिऱ्हाईक मिळते.